सूप निवतंय

दारावर सूचना एकच होती: फोन मुके ठेवा.
लॅपटॉपचं कुणी काही लिहिलं नव्हतं,
आणि जे लिहिलेलं नसतं
ते आम्ही आपल्या बाजूचंच धरतो.

तार्तूतला मार्च. खिडकीबाहेर एमायोगी,
मधोमध मोकळी झालेली, काठांनी अजून बर्फ धरून.
आत दलदलींवरची परिषद, दुसरा दिवस,
जेवणाआधीचं शेवटचं व्याख्यान.
हेल्वे कूस्क, वय एकाहत्तर.
एकाच दलदलीत चाळीस वर्षं
तीच लोखंडी सळई रोवून मोजणारी बाई.
बोलायचीही तशीच,
वर्षाला एक मिलिमीटर.

आम्ही अठ्ठावीस जण माना घालून.
बघणाऱ्याला वाटावं, काय मन लावून टिपणं घेतायत!
उघडी होती ती खिडकी वेगळीच.
तिथं त्रिइन म्हणजे बेडूक, मार्टेन म्हणजे गमबूट,
मी कोण ते राहू दे.

अजून किती स्लाइड?
चव्वेचाळीस.
सळईलाच बोलू द्या, लवकर आटपेल.
सूप निवतंय.

एक ओळ पाठवली की हॉलच्या त्या टोकाला
कुणाचा तरी खांदा हलायचा.
त्या हलणाऱ्या खांद्याची चटक लागली होती मला.

सगळंच वाईट नव्हतं, हेही सांगतो.
आलेख कुठल्या सालचा असं कुणी विचारलं
की कुणी लगेच लिंक द्यायचं.
आणि पार्नूहून आलेली लिव्हिया,
तिला ऐकू कमी येतं,
तिच्यासाठी गमबूट हेल्वेचं वाक्यन्‌वाक्य टंकत होता.
त्याच खिडकीत, आमच्या ओळींच्या अधूनमधून.
लिव्हियाला वाटलं असेल
हेल्वेच म्हणाली, सूप निवतंय.

पडदा चालला होता अध्यक्षांच्या लॅपटॉपवर.
उर्मास भला माणूस, पण त्याला बंद करता येत नाही काही.
सळईच्या सतराव्या फोटोवर
एक पांढरी चौकट वर आली,
आणि मग आमची अख्खी सकाळ
भिंतीएवढ्या अक्षरांत.

हेल्वे वळली.
कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
वाचलं, वरून खाली, एकही ओळ न गाळता.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
"आमच्याकडे उलट असतं," ती म्हणाली,
"जुनं खाली, नवं वर."
मग जरा थांबून,
"सूप बिटाचं आहे. गारही चालतं."
आणि पुढची स्लाइड.

पटापट मिटली झाकणं.
मीही मिटलं, दोन्ही हात वर ठेवले त्याच्या,
शाळेत ठेवायचो तसे.
सत्तावीस सभ्य चेहरे समोर बघत राहिले.
एक झाकण तेवढं उघडं:
लिव्हिया रिकाम्या चौकटीकडे बघत बसली होती,
पुढचं वाक्य येईल म्हणून.
गमबूटही सभ्य झाला होता.
हे मला त्या वेळी दिसलं
आणि मी काहीच केलं नाही.

सुपाच्या रांगेत हेल्वे माझ्या मागे.
"ते सळईचं वाक्य कुणाचं?"
"ठाऊक नाही," मी म्हणालो,
आणि वाडग्यात गरजेपेक्षा जास्त साय घातली.
"चांगलं होतं," ती म्हणाली.
"मला घ्याल का त्यात?
दुपारची व्याख्यानं मलाही सोसत नाहीत."

मीच घेतलं तिला. तिथल्या तिथे, वाडगं काखेशी धरून.
टोपणनाव विचारलं तर म्हणाली, सळई.

तिसऱ्या दिवशी माझी बारा मिनिटं.
शेवटच्या रांगेत लिव्हिया, शेजारी हेल्वे,
झाकण उघडं, दोन बोटांनी टंकत.
लिव्हियासाठी असेल.
माझं वाक्य संपलं की तिची बोटं सुरू होत,
कधी कधी वाक्य संपल्यावरही
बराच वेळ चालत.

सहाव्या स्लाइडला
डावीकडे कुणाचा तरी खांदा हलला.
परत येऊन ती खिडकी मी उघडलेली नाही.